दोन मिलिमीटर

१० जानेवारी, रविवार

औषध कंपनीवाले हॉस्पिटलात दरवर्षी डायऱ्या वाटतात आणि मी दरवर्षी माझी किराण्याच्या याद्यांत संपवते. यंदा खरोखरच लिहायचं ठरवलंय. कारण आज घर फोडायला सुरुवात झाली. घर फोडणाऱ्या बायकांबद्दल लहानपणापासून ऐकत आले, हातोडा घेऊन फोडणारी मीच पहिली असेन.

ह्यांनी फर्निचरच्या कारखान्यात चोवीस वर्षं नकाशे काढले. कपाटं, टेबलं, शाळेची बाकं, आमच्या हॉस्पिटलच्या खाटासुद्धा. डिसेंबरात कारखान्याने तो विभागच बंद केला. त्यानंतर महिनाभर हे खिडकीशी बसून होते. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. मग गेल्या आठवड्यात एकदम म्हणाले, "आपण घर नवं करू या. बाथरूम, मग स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली. एकाही कारागिराला पाऊल टाकू द्यायचं नाही. तू आणि मी."

मी विचारसुद्धा केला नाही, हो म्हटलं. लोखंड पडून राहिलं की गंजतं, माणसाचंही तेच.

अकरा कागदांवर नकाशे काढलेत. बाथरूमच्या एकेका फरशीला नंबर आहे. आज पहिला घाव त्यांनी मला घालायला लावला. फरशी जागची हलली नाही, माझा अंगठा मात्र चेचला. हे इतके हसले की भिंतीला टेकून खाली बसले. कित्येक दिवसांनी हसले. मी अंगठा तोंडात धरून उभी होते, तरी मला बरं वाटलं.

१४ जानेवारी, गुरुवार

राडारोडा फार निघतो. हे दिवसभर फोडून पिशव्या भरून ठेवतात आणि मी ड्युटीवरून आले की खाली नेते. त्यांची कंबर धरलीय. दोन जिने, अडतीस पायऱ्या, आज नऊ फेऱ्या.

खालच्या ग्रंथपालबाईंनी दार उघडून पाहिलं. एकट्याच राहतात, निवृत्त झाल्यात, पण अजूनही कुणी मोठ्याने बोललं की ओठांवर बोट जातं. म्हणाल्या, "रोज तुम्हीच वाहताय. साहेब कुठे असतात? महिन्याभरात जिन्यात दिसले नाहीत."

"वर काम काय थोडं आहे?" मी म्हटलं.

लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय अन्न पचत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

आज मी ओळंबा धरायला शिकले. दोऱ्याला टांगलेलं पितळी वजन, बस. पण ते थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहावं लागतं. हे म्हणाले, "भिंत खोटं बोलते, ओळंबा नाही बोलत." मग दिवसभर आम्ही दोघं गिलावा सारखा करत होतो. ते थापी मारायचे, मी लाकडी पट्टी फिरवायची. जेवायला साडेतीन वाजले. पाठ मोडून गेलीय, तरी असा रविवार आमच्या वाट्याला कधी आला होता, आठवत नाही.

सामान मीच आणते. हार्डवेअरचं दुकान माझ्या बसच्या वाटेवर आहे. हे चिठ्ठी लिहून देतात, अक्षर छापल्यासारखं. दुकानदाराला वाटतं मीच ठेकेदार. परवा एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "चिकट पावडर कुठली घ्यायची ते ह्या बाईंना विचारा." मी सांगितलीही.

एकदा ह्यांना म्हटलं, तुम्ही चला ना, निवडून घ्या. तर म्हणाले, "तू बरोबर आणतेस." कौतुक करायला शिकले, चला.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

कारखान्यातले सुतार मित्र आले होते. ह्यांना दोन-तीनदा फोन केला म्हणे, उचलला नाही, म्हणून वाट वाकडी करून आले. बेल वाजली तेव्हा हे बाथरूममध्ये होते. आतूनच हाताने खुणावलं, नाही म्हणून सांग. मी सांगितलं, हे दुकानात गेलेत. सुतार दहा मिनिटं बसले. जाताना म्हणाले, "वहिनी, त्याला म्हणावं, तुझं टेबल अजून तसंच आहे. कुणी बसत नाही तिथं."

ते गेल्यावर मी हसत आत गेले. म्हटलं, शाळेतल्या पोरासारखे लपलात की!

"हात भरले होते," म्हणाले.

हात कोरडे होते. पण हातावरचं सिमेंट दहा मिनिटांत वाळतं, मला काय ते कळत नाही.

१४ मार्च, रविवार

बाथरूमच्या तिन्ही भिंती झाल्या! फिक्या राखाडी फरश्या, वर एक पांढरी ओळ. सांधे मी भरले, व्हाईट सिमेंट बोटाने दाबून, ओल्या फडक्याने पुसून. दहाही बोटांची सालं निघालीत, पण एक सांधा वाकडा नाही.

संध्याकाळी दारात उभं राहून दोघं पाहत होतो. मी म्हटलं, "आता चौथी भिंत, मग स्वयंपाकघर, मग बाहेरची खोली. मेमध्ये खारू येतेय, त्याच्या आत सगळं झालं पाहिजे." खारू म्हणजे आमची लेक. लहानपणी खारीसारखी पडद्यांवर चढायची. आता विमानाने सहा तासांवर नोकरी करते.

"मेमध्येच?" हे म्हणाले.

"मग काय जन्मभर खपायचंय?"

ते वरच्या पांढऱ्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. दमले असतील.

१७ मार्च, बुधवार

काल घरी येऊन पाहते तर दाराजवळच्या भिंतीवरच्या दोन ओळी उखडलेल्या. माझे सांधे! मी अक्षरशः ओरडले. हे शांतपणे म्हणाले, "उजवीकडे उतरत होत्या. दोन मिलिमीटर."

"दोन मिलिमीटर कुणाच्या बापाला दिसणार आहेत?"

"मला दिसतात."

आज दुपारी हॉस्पिटलात आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सांगितलं तर सगळ्या म्हणाल्या, नशीबवान आहेस, आमच्याकडे खिळा ठोकायचा तरी वर्ष जातं. ते खरंच आहे. काम अचूक लागतं त्यांना, त्याला कोण काय करणार. स्वभावाला औषध नाही.

५ एप्रिल, सोमवार

माझ्याबरोबरची ऑपरेटर रजेवर आहे, तिच्या पाळ्या मी मागून घेतल्या. साहेब म्हणाले, दोन पाळ्या झेपतील का? म्हटलं, घरी काम चालू आहे, तिथं बसायला जागा कुठे आहे.

आता डायरीशी काय लपवाछपवी. एक्स्चेंजमधली खुर्ची मला बरी वाटते. हेडफोन लावला की कुणाचं तरी काहीतरी चाललेलं असतं, आणि ते मला सोडवायचं नसतं. नुसतं जोडून द्यायचं. घरी धूळ असते, आणि हे असतात.

अंघोळ मी स्टाफच्या बाथरूममध्ये करते. ह्यांना विचारलं, तुम्ही काय करता? "अंग पुसतो." दाढीही वाढलीय. बाथरूमच जागेवर नाही तर माणूस करणार काय.

१८ एप्रिल, रविवार

बाथरूम पुन्हा झालं, चौथ्या भिंतीसकट. स्वयंपाकघराची पुट्टी झाली, प्रायमर झाला. आज रंग. मी वरचा भाग रोलरने, हे कडा ब्रशने. सकाळ छान गेली. दुपारी मी पाहिलं तर हे त्याच एका खिडकीच्या चौकटीशी. कागदाने घासायची, हात फिरवायचा, पुन्हा घासायची. दीड तास. खालचं लाकूड दिसायला लागलं होतं.

मी म्हटलं, "अहो, तीन महिने झाले. गवंड्याने आठ दिवसांत उरकलं असतं."

बोलून गेले. त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग मोरीत नेऊन धुतला, बराच वेळ, पाणी अगदी स्वच्छ यायला लागल्यावरही. रात्री जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. हल्ली कमीच जेवतात, पोट मात्र सुटलं नाही ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मला वाईट वाटलं, पण बोलले ते बरंच झालं. कुणीतरी रेटायला नको का? मी फ्रिजवर यादी चिकटवलीय, तारखांसकट.

२ मे, रविवार

खारूचा फोन. "बाबांना दे," म्हणाली. हे शिडीवर होते. मी फोन वर धरला, त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"हात रंगाचे आहेत गं त्यांचे."

"आई, चार रविवार झाले. कधी रंगाचे, कधी सिमेंटचे. बाबा बरे आहेत ना?"

"न बरे व्हायला काय झालंय? दिवसाला दहा तास काम करतात. तुझ्या वयाची पोरं करणार नाहीत इतकं."

"ते नाही विचारलं मी."

"मग काय विचारलंस?"

तिने विषय बदलला. म्हणाली, बावीस तारखेला सकाळी पोचते, न्यायला येऊ नका.

हल्लीची मुलं लांब राहून काळज्या करतात. जवळ राहून करायला लागल्या की कळेल.

१९ मे, बुधवार

झालं! बाहेरच्या खोलीला दुसरा हात मारून झाला, पडदे लावले, दिव्यांची बटणं बसली. फ्रिजवरची यादी मी स्वतः फाडली. खारू यायला अजून तीन दिवस आहेत. घर असं दिसतंय की मी चपला बाहेर काढून आत आले आणि पाहुण्यासारखी उभी राहिले.

हे म्हणाले, "सगळं झालं, नाही?"

"झालं की हो!"

"काहीच राहिलं नाही?"

"काही नाही. आता तुम्ही नुसता आराम करायचा."

त्यांनी मान हलवली. मग संध्याकाळभर बसून सगळी हत्यारं पुसली. छिन्नी, थापी, गुण्या, एकेकाला तेलाचा हात फिरवला आणि पेटीत ओळीने ठेवली. आणि एका कागदावर सगळ्या व्हॉल्व्हचं आणि फ्यूजचं चित्र काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, कुठला कशाचा ते. "तुला माहीत असावं," म्हणाले. असा शिस्तीचा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांत सगळी धूळ होती.

आज लवकर झोपते. किती महिन्यांनी.

२१ मे, शुक्रवार

हे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. आत ह्यांच्या हाताला टाके घालताहेत. 

अकरा वीसला बोर्डावर बाहेरची लाइन लागली. मी नेहमीचं म्हटलं, "नमस्कार, हॉस्पिटल. कोण हवंय आपल्याला?"

"तुम्हीच हव्या आहात," खालच्या ग्रंथपालबाई. "माझ्या छतातून पाणी गळतंय. वर मोठमोठ्याने आवाज येत होते, आता थांबलेत. मी दार वाजवून वाजवून थकले. कुणी उघडत नाही."

मी हेडफोन काढला आणि निघाले. शेजारच्या खुर्चीतल्या ऑपरेटरला काही सांगितलं की नाही, आठवत नाही. टॅक्सीत बसल्यावर एकाएकी तो कपाटावरचा कागद डोळ्यांपुढे आला. आणि ती पुसलेली हत्यारं. "तुला माहीत असावं." मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्या म्हटलं. जोरात नाही, हळू. मला पोचायचंच नव्हतं.

दार किल्लीने उघडलं. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मी हाका मारल्या. बाथरूममध्ये हे उलट्या बादलीवर बसलेले. चारी भिंतींच्या फरश्या फोडलेल्या, एक पट्टा सोडून. भिंतीतल्या पाइपला छिन्नी लागलेली, पाण्याची धार त्यांच्या गुडघ्यावर पडत होती आणि ते पाय बाजूला घेत नव्हते. डाव्या तळहातातून रक्त गळत होतं. जिवंत होते.

आधी मी व्हॉल्व्ह बंद केला. कपाटाचं दार उघडलं, कागद वाचला, चार नंबर. किती सुंदर अक्षर.

मग त्यांच्यासमोर उकिडवी बसले. म्हणाले, "सरळ नव्हत्या गं."

मला काय झालं कुणास ठाऊक. माणसाचा हात फाटलेला, आणि मी पेटीतून लेव्हल काढली आणि उरलेल्या पट्ट्यावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्यावर. त्यांच्या नाकासमोर धरून म्हटलं, "बघा. बघा ना. सरळ आहे!"

"माहितीये," ते म्हणाले.

"मग का फोडल्या?"

"झालं होतं सगळं."

"मग?"

"झालं की मग काय करायचं मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मी नुसतं टॉवेलने हात बांधत बसले.

जिना उतरायला पंधरा मिनिटं लागली. एकेका पायरीवर थांबायचे, कठडा घट्ट धरून. कपाळावर घाम. मी म्हटलं, रक्त गेल्यामुळे चक्कर येतेय का? म्हणाले, "रक्ताचं नाही. डिसेंबरपासून उतरलोच नाही मी. पाय धजत नाहीत."

अडतीस पायऱ्या. मी रोज पिशव्या घेऊन उतरत होते आणि त्यांची कंबर धरलीय असं समजत होते.

२२ मे, शनिवार

खारू आली. सामान दारातच ठेवून तिने बाथरूम पाहिलं, मग बाबांना पाहिलं. त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा चांगला हात आपल्या मांडीवर घेतला. अर्धा तास दोघं तशीच बसली होती.

अंघोळीला खाली ग्रंथपालबाईंकडे गेली. त्यांच्या छताला हा मोठा डाग पडलाय. एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट टॉवेल दिला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात खारू म्हणाली, "आई, तुला दिसलं नाही?"

"माझ्यावर आवाज चढवू नकोस."

"चढवत नाहीये. विचारतेय."

अठरा वर्षं मी फोनवर बसते. "हॅलो" एवढंच ऐकून मला कळतं की समोरचा वॉर्डातल्या माणसाची चौकशी करतोय की माणूस गेल्याचं त्याला समजलंय. हे तिला सांगणार होते. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तिने विचारलाच असता. म्हणून भात उतरवला.

२४ मे, सोमवार

आमच्याच हॉस्पिटलातले मनोविकाराचे डॉक्टर. नऊ वर्षं मी त्यांचे फोन जोडते, समोर बसले आज पहिल्यांदा.

ह्यांच्याशी ते एकट्याने तासभर बोलले. मग मला आत बोलावलं. विचारायला लागले, जेवण कधीपासून कमी झालं? अंघोळ? दाढी? फोन घेणं कधी बंद झालं? मला तारखा सांगता येईनात, म्हणून पिशवीतून ही डायरी काढली आणि पाहून पाहून सांगायला लागले. अंघोळ, पाच एप्रिल. जेवण, अठरा एप्रिल. मित्र आले ते सव्वीस फेब्रुवारीला. खाली न उतरणं, हे बघा, चौदा जानेवारी, शेजारणीनेच सांगितलं होतं.

डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, "तुम्ही तर सगळं लिहून ठेवलंय."

लिहून ठेवलंय. एकदा मागे उलटून वाचलं असतं तर.

उदासीचा आजार आहे, म्हणाले. गोळ्या, दर पंधरा दिवसांनी येऊन बोलायचं, घरात एकटं ठेवायचं नाही. बरं व्हायला वेळ लागेल. मी विचारलं, किती? आणि विचारताना मला माझा आवाज ऐकू आला. फ्रिजवर यादी लावणाऱ्या बाईचा.

२७ मे, गुरुवार

आज हे आपणहून बोलले. खारू त्यांची दाढी करत होती, मी धुण्याच्या घड्या घालत होते.

शेवटच्या दिवशी कारखान्यात त्यांच्यासमोर नकाशांच्या गुंडाळ्या रद्दीच्या गाडीत भरल्या. चोवीस वर्षांच्या. गाडीत मावेनात, तर हमालाने वर चढून पायाने दाबल्या. "मीच म्हटलं त्याला, दाब, दाब, मावतील." एवढं सांगून हसले. खारूने वस्तरा बाजूला घेतला, गाल हलत होता म्हणून.

मला डिसेंबरात ते फक्त इतकंच म्हणाले होते की विभाग बंद झाला. मी विचारलंही नाही. मी म्हटलं होतं, बरं झालं, कटकट गेली.

१२ जून, शनिवार

गवंडी येऊन काम संपवून गेला. पाच दिवस लागले. साध्या पांढऱ्या फरश्या, दुकानात होत्या त्या. ग्रंथपालबाईंचं छतही त्यानेच केलं.

पाचही दिवस हे बाहेरच्या खोलीत दार लोटून बसले होते. हातोड्याचा आवाज झाला की बोटं हलायची त्यांची. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, चला, पाहून घ्या. आले. दारातून पाहिलं. माझ्यासुद्धा लक्षात आलं की तिसरी ओळ उतरतेय, चांगली बोटभर. मी श्वास धरून उभी.

"बरंय," ते म्हणाले, आणि परत जाऊन बसले.

फोडलं असतं तर सोसलं असतं मी. त्या "बरंय"ने मला रडू आलं. नव्या फरशीवर उभं राहून, नळ सोडून रडले.

हत्यारांची पेटी मी हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये ठेवलीय. त्यांनी विचारलं नाही. कळलंय.

२० जून, रविवार

खारूची रजा दोनदा वाढवून संपली. जाताना ते जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आले. ती वाकून पाया पडायला लागली तर तिला उचलून घट्ट धरलं. मग मला म्हणाली, "आई, त्यांना कामाला नको लावूस."

"नाही लावत."

"आणि तू दोन-दोन पाळ्या नको करूस."

मी म्हटलं, विमान चुकेल तुझं.

११ जुलै, रविवार

गोळ्यांनी झोप लागते त्यांना. जेवतात. सुतार मित्र गुरुवारी येऊन बसतात, पत्ते खेळतात, हे हरतात. डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे. असेल.

आज दोघंही घरी. सकाळी नऊलाच सगळं आवरून झालं. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, मध्ये टेबल, भिंती कोऱ्या. हे एका खुर्चीत, मी दुसरीत. पंखा फिरत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, उकडतंय. ते म्हणाले, हो. दहा मिनिटांनी ते म्हणाले, पंखा वाढवू का? मी म्हटलं, नको.

पाच महिने आम्ही दोघं किती बोललो होतो! पुट्टी, प्रायमर, कुठली थापी, किती पाणी. त्याच्या आधी काय बोलायचो, आठवून पाहिलं. खारूची परीक्षा, खारूचं कॉलेज, खारूचा व्हिसा. त्याच्या आधीचं आठवेना. ते कशाला, झालं की मग काय करायचं, हे मलासुद्धा कुठे माहीत होतं? म्हणून तर मी एक्स्चेंजच्या खुर्चीत जाऊन बसत होते. त्यांना फोडाफोडी तरी सुचली.

साडेदहाला मी उठले. म्हटलं, "फोन आलाय, ड्युटीवर बोलावलंय. सुतारभावजींना सांगते, ते येऊन बसतील तुमच्यापाशी."

फोन वाजला नव्हता. दोघंही एकाच खोलीत बसलेलो. ते म्हणाले, "ये जाऊन."

साडी बदलली, सुतारांना फोन केला, पर्स घेतली, खाली उतरले. स्टॉपवर जाऊन बसले. हॉस्पिटलची बस आली, गेली. दुसरी आली. कंडक्टर ओळखीचा, म्हणाला, चला मॅडम. मी मान हलवली. कुठे जायचं होतं मला? हॉस्पिटलला नव्हतंच. स्टेशनचा विचार आला. खारूकडे जायचा आला, बहिणीकडे जायचा आला. नंतर कुणाकडेच न जाण्याचाही आला, नुसतं बसमध्ये बसून राहायचं, शेवटच्या स्टॉपपर्यंत, मग पुढच्या. सगळं इथे लिहितेय कारण न लिहून काय होतं ते पाहिलंय. खरं तर लिहूनही काय होतं ते पाहिलंय.

सुतार समोरून चालत येताना दिसले. मी त्यांना म्हटलं, ड्युटी रद्द झाली, या तुम्ही संध्याकाळी. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता परत फिरले. मी वर आले.

हे त्याच खुर्चीत नव्हते. खिडकीशी उभे होते. तिथून स्टॉप दिसतो.

मी पर्स टेबलावर ठेवली. "ड्युटी नव्हती," मी म्हटलं. "मला इथं बसवेना."

"मलाही बसवत नाही," ते म्हणाले.

मग खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, "दोन बस सोडल्यास तू. तिसरीत बसशील असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं."

त्यांनी मान हलवली. मी चप्पल काढली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. खाली तिसरी बस आली, थोडा वेळ थांबली, आणि गेली.